आतड्याची साक्ष

१९५४ साली स्वीडनमधल्या थोर्सन, ब्योर्क, ब्योर्कमन आणि वाल्डेनस्ट्रॉम या चौघा डॉक्टरांनी एका दुर्मीळ आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णाचा चेहरा मधूनच लालबुंद होई, वारंवार जुलाब होत, दमेकऱ्यासारखी धाप लागे आणि पुढे पायांवर सूज येऊन पोटात पाणी साठे. शवविच्छेदनात लहान आतड्यात एक गाठ सापडे आणि तिचीच रोपे यकृतभर लागलेली दिसत. या गाठीला १९०७ साली ओबर्नडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले होते. कारण ती कर्करोगासारखी दिसे, पण वाढे फार सावकाश. खरे कोडे हृदयात होते. उजव्या बाजूच्या दोन्ही झडपांवर पांढुरका, चिवट थर चढून त्या आखडून गेलेल्या असत, आणि डावीकडच्या झडपा मात्र बहुधा स्वच्छ राहत. ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडतात तेव्हा याच्या उलट घडते. आधी डावीकडची मायट्रल झडप जाते, मग महाधमनीची, आणि उजवीकडची पाळी आली तर सर्वांत शेवटी येते. म्हणजे या रुग्णांच्या झडपा बिघडवणारी गोष्ट हृदयात निराळ्याच वाटेने शिरत होती.

ती वाट उलगडायला दोन धागे जुळावे लागले. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३०च्या दशकात सशाच्या पचनमार्गाच्या अस्तरातून एक द्रव्य वेगळे काढले होते आणि त्याला ‘एंटेरामाइन’ म्हटले होते. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातल्या, वाहिन्या आकसवणाऱ्या एका द्रव्याला ‘सेरोटोनिन’ नाव दिले. ही दोन्ही एकच आहेत हे १९५२पर्यंत स्पष्ट झाले, आणि पुढच्याच वर्षी लेम्बेक यांनी कार्सिनॉइड गाठीत सेरोटोनिन दाखवले. आज मेंदूमुळे गाजलेले हे द्रव्य मुळात आतड्याचे. शरीरातला त्याचा बहुतांश साठा आजही तिथेच असतो. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते आणि यकृत सेरोटोनिन मोडून टाकते, म्हणून गाठ आतड्यापुरती असते तोवर हृदयाला काही होत नाही. यकृतातच गाठी रुजल्या की त्यांचे सेरोटोनिन यकृताच्या शिरांतून थेट उजव्या हृदयात उतरते. तिथून रक्त फुप्फुसांत जाते आणि फुप्फुसे उरलेले सेरोटोनिन मोडतात, म्हणून डावे हृदय वाचते. या स्पष्टीकरणाची खरी ताकद त्याच्या अपवादांत आहे. ज्या रुग्णांच्या दोन कर्णिकांमधल्या पडद्यात जन्मापासूनचे छिद्र उघडे राहिलेले असते, किंवा ज्यांची गाठ फुप्फुसातच असते, त्यांच्या डाव्या झडपाही बिघडलेल्या आढळतात. पहारा चुकवणारी वाट मिळाली की इजा पुढे सरकते.

हा इतिहास इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की सध्या हृदय आणि आतडे यांच्या नात्यावर पुन्हा मोठा जोर आला आहे. आतड्यातले जिवाणू जी द्रव्ये तयार करतात ती रक्तात मोजायची, त्यांचे प्रमाण ज्यांच्यात जास्त त्यांचे हृदय लवकर थकते का हे पाहायचे, आणि मग आहार, प्रतिजैविके किंवा दह्यातले जिवाणू देऊन ते प्रमाण उतरवायचे, अशी ही विचारसरणी आहे. झडपांच्या रुग्णांतही ही मापने सुरू झाली आहेत. आतड्यातून आलेली रक्तातली खूण ही बहुतेक वेळा हृदयाच्या दुखण्याची साक्ष असते, क्वचितच त्याचे कारण, असे मला या विषयाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासावरून ठामपणे वाटते. ती कारण आहे असे म्हणायचे तर सेरोटोनिनइतका पुरावा हवा. द्रव्य कोणत्या वाटेने झडपेपर्यंत पोचते ते दिसले पाहिजे, वाट बदलली की इजेची जागा बदलली पाहिजे, आणि द्रव्य बाहेरून दिले तर तीच इजा उभी राहिली पाहिजे.

आधी जुनी आणि निर्विवाद गोष्ट, म्हणजे हृदय बिघडले की पोट बिघडते. माँपेलिएचे रेमाँ द व्हिओसाँ यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी अरुंद झालेल्या मायट्रल झडपेचे वर्णन केले. १८३२ साली जेम्स होप यांनी त्याची मांडणी पुढे नेली: पुढची वाट अडली की रक्त मागे तुंबते, आधी फुप्फुसांत, मग उजव्या हृदयात, मग यकृतात आणि आतड्यात. जायफळ कापल्यावर दिसते तशी तपकिरी-पिवळी नक्षी तुंबलेल्या यकृताच्या छेदात दिसते, आणि विकृतिशास्त्रात त्याला जायफळी यकृत असेच नाव पडले. जेम्स मॅकेन्झी यांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्नली गावात साधी वैद्यकी करता करता मानेच्या शिरेची आणि यकृताची स्पंदने कागदावर उमटवली. उजवीकडची त्रिदली झडप गळू लागली की प्रत्येक ठोक्याला यकृत हाताखाली फुगते हे त्यांना ठाऊक होते. डॉक्टरांनी हृदयाच्या रुग्णाला भूक लागते का, चार घास खाल्ले की पोट गच्च होते का, असे विचारायची चाल इथूनच पक्की झाली. आपल्याकडच्या वॉर्डांतही मायट्रलच्या रुग्णाचे पोट चाचपल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. या सर्व परंपरेत पोट सोसणारे होते. त्याच्यावर कोणी आळ घेतला नव्हता.

आळ पहिल्यांदा घेतला गेला तो पॅरिसमध्ये. शार्ल बुशार यांनी १८८७च्या सुमारास ‘स्वविषबाधा’ ही कल्पना मांडली: आतड्यात अन्न कुजते, त्याची विषे रक्तात भिनतात, आणि माणूस स्वतःच्याच पोटाने आजारी पडतो. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ यांनी तिला जिवाणूंचा आधार दिला. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू रक्तवाहिन्या कठीण करतात, म्हातारपण आणतात, आणि आंबट दुधातले जिवाणू त्यांना आवर घालतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले ते पेशीभक्षणाच्या शोधाबद्दल, आतड्याच्या सिद्धान्ताबद्दल नव्हे. पण नोबेलचे वजन दोन्ही मतांना मिळाले. ते स्वतः नेमाने आंबट दूध घेत, आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी हृदय निकामी होऊन वारले. यावरून त्यांचा सिद्धान्त खोटा ठरत नाही, एका माणसाच्या मरणाने कुठलाच ठरत नाही. त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली. लंडनच्या गायज हॉस्पिटलचे सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी मलावरोधाच्या रुग्णांची मोठी आतडी काढून टाकण्याचा सपाटा लावला. त्यांचा हात कुशल होता, हेतू चांगला होता, आणि तरीही निरोगी आतडी गमावलेली माणसे मागे राहिली.

हा सिद्धान्त मोडला तो एका अगदी साध्या निरीक्षणाने. १९१९ साली वॉल्टर अल्व्हारेझ यांनी दाखवले, की शौच तुंबल्यावर येणारी डोकेदुखी, मरगळ, चिडचिड शौच होताच काही मिनिटांत जाते. रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या झटक्यात उतरले नसते. तीन वर्षांनी डोनाल्डसन यांनी गुदाशयात नुसता कापूस भरून तीच लक्षणे उभी केली. कापसात कसले विष! ताण पडला म्हणून मज्जातंतू कुरकुरले, एवढेच. स्वविषबाधेच्या पुरस्कर्त्यांकडे वाट नव्हती आणि द्रव्यही नव्हते. होती ती फक्त पोट आणि दुखणे यांची सोबत. एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींत एक दुसरीचे कारण असते असे मानण्याची घाई किती महागात पडते, याचे इतके ढळढळीत उदाहरण वैद्यकात थोडे असेल.

सेरोटोनिनचे यश हाती आल्यावरही हीच घाई परत झाली, आणि ती कथा मला अधिक बोधक वाटते, कारण तिच्यात सगळी माणसे सावध आणि विद्वान होती. युगांडात कंपाला इथल्या मुलागो हॉस्पिटलमध्ये जॅक डेव्हिस यांनी १९४८ साली हृदयाच्या आतल्या अस्तरावर तंतुमय जाड थर चढण्याचा एक आजार नोंदवला. या रुग्णांच्या मायट्रल आणि त्रिदली झडपा गळत, आणि पायांवर सूज जेमतेम असताना पोटात मात्र पाणी मावेनासे होई. कार्सिनॉइडचे हृदय आणि हे हृदय यांत साम्य होते. त्यातच १९५८ साली केळ्यात सेरोटोनिन भरपूर असल्याचे अमेरिकेत सिद्ध झाले. युगांडातल्या बगांडा लोकांचे मुख्य अन्न मातोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी. दोन आणि दोन चार! केळी खाणाऱ्यांच्या लघवीत सेरोटोनिनच्या विघटनातून होणारे आम्ल वाढलेले आढळले, आणि केळी खाऊ घातलेल्या गिनी पिगांच्या हृदयात तंतू वाढल्याचेही १९६५ साली छापून आले. खूण होती, अन्न होते, प्राण्यांवरचा प्रयोगही होता.

तरीही हा तर्क टिकला नाही, आणि तो का टिकला नाही याचे उत्तर स्वीडनच्या रुग्णांतच होते. खाल्लेले सेरोटोनिन आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात मोडले जाते. लघवीतले आम्ल हे ते मोडले गेल्याचाच पुरावा आहे, हृदयापर्यंत पोचल्याचा नाही. कार्सिनॉइडची चाचणी करण्याआधी रुग्णाला केळी, अक्रोड, अननस वर्ज्य करायला सांगतात ते याच कारणाने. ही फळे चाचणी बिघडवतात, झडपा बिघडवत नाहीत. शिवाय युगांडाच्या आजारात डावे हृदयही सापडे आणि थर निलयाच्या टोकाशी जास्त असे, म्हणजे इजेची जागा सेरोटोनिनच्या वाटेशी जुळत नव्हती. पुढे हाच आजार केरळच्या किनारपट्टीवर मोठ्या प्रमाणात आढळला. केळी तिथेही होतीच, पण केळी खाणारे इतर कितीतरी प्रदेश या आजारापासून मुक्त होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळी सोडून जमिनीकडे पाहिले आणि मोनाझाइट वाळूतल्या सिरियमचा, मॅग्नेशियमच्या कमतरतेशी जोडलेला, पर्याय पुढे केला. तोही सर्वमान्य झाला नाही, आणि आजार मात्र केरळात हळूहळू ओसरला. लघवीत वाढलेल्या एका खुणेवरून एका समाजाच्या रोजच्या अन्नावर संशय घेतला गेला होता, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

याच काळात सेरोटोनिनचा खटला दुसऱ्या बाजूने पक्का होत गेला, आणि तोही माणसांच्या दुर्दैवाने. अर्गटपासून बनलेली अर्धशिशीची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींच्या झडपा तशाच पांढुरक्या थराने जाड झाल्याचे साठीच्या दशकापासून दिसू लागले. मग १९९७ साली मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटातल्या डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी फेनफ्लुरामिन आणि फेन्टर्मिन ही जोडगोळी घेतलेल्या २४ स्त्रियांच्या झडपांचे वर्णन छापले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कार्सिनॉइडच्या झडपांसारख्याच दिसत होत्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून मागे घेतले गेले. इथे एक फरक नीट पाहावा. या स्त्रियांच्या डाव्या झडपाही बिघडल्या होत्या. सेरोटोनिन फुप्फुसांत मोडते. गोळीतून आलेले द्रव्य आणि त्यापासून शरीरात होणारे संयुग फुप्फुसांतून सहीसलामत पार जाते. वाट बदलली आणि इजेची जागा बदलली. २०००च्या सुमारास झडपेच्या पेशींवरचा सेरोटोनिनचा नेमका ग्राहीही सापडला, आणि त्याला चेतवणारी पार्किन्सनची गोळी पर्गोलाइड २००७ साली अमेरिकेत याच कारणाने बंद झाली. आता नवे औषध त्या ग्राहीला चेतवते का हे आधीच तपासतात. झटक्यांच्या एका दुर्धर आजारासाठी फेनफ्लुरामिन २०२० साली परत आले, पण कमी मात्रेत आणि हृदयाच्या सोनोग्राफीच्या देखरेखीखाली. आतड्याच्या एका द्रव्यामुळे झडप बिघडते हे विधान आज कोणी नाकारू शकत नाही, कारण ते तिन्ही बाजूंनी तपासून झाले आहे.

बाकीची नाती इतकी सरळ नाहीत, आणि काहींची दिशा तर उलटी आहे. १९५८ साली एडवर्ड हाइड यांनी महाधमनीची झडप अरुंद झालेल्या दहा रुग्णांच्या पोटातून कारण न सापडता रक्त जात असल्याचे पत्राने कळवले. पुढच्या काळात आतड्याचा तुकडा कापून टाकला तरी रक्त पुन्हा जाई, झडप बदलली की थांबे. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडतात आणि आतड्यातल्या नाजूक वाहिन्या गळू लागतात, हे पुढे उलगडले. म्हणजे दोष झडपेत, खूण पोटात. स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या जिवाणूची गोष्ट आणखी निराळी. झडपेला त्याची लागण झालेल्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग वारंवार सापडतो, हे १९५१च्या एका रुग्णापासून सुचत गेले आणि १९७७ साली ठळक झाले. आज तो जिवाणू रक्तात दिसला की डॉक्टर आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात आणि कितीतरी कर्करोग वेळेत हाती लागतात. इथे खुणेने अप्रतिम काम केले, कारण तिला साक्ष म्हणूनच वाचले गेले.

डिजिटॅलिसची हकीकत तर वैद्यांच्या रोजच्या कामाशी भिडलेली आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी जलोदरावर हे झाडपाल्याचे औषध छापले, तेव्हापासून मायट्रलच्या रुग्णांना ते दिले जात आले. त्याची मात्रा माणसामाणसांत इतकी का बदलते हे कोडे होते. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सुमारे दहापैकी एका रुग्णाच्या आतड्यातले जिवाणू डिजिटॅलिसवर्गातले डिगॉक्सिन निकामी करून टाकतात, आणि प्रतिजैविक दिले की रक्तातले औषध एकदम वाढते. पुढे दक्षिण भारतातल्या माणसांची तुलना न्यूयॉर्ककरांशी केली तेव्हा भारतीयांत हा गुण बराच कमी निघाला. झडपेच्या रुग्णाचे आतडे त्याच्या हृदयावर अंमल चालवते याचा हा माझ्या मते सर्वांत ठोस पुरावा आहे. आणि तो औषधाच्या मात्रेबद्दल आहे, रोगाच्या उगमाबद्दल नाही.

१९९०च्या दशकात श्टेफान आंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय थकलेल्या रुग्णांबद्दल एक आकर्षक मांडणी केली. रक्त तुंबून आतड्याची भिंत सुजते, तिच्यातून जिवाणूंच्या आवरणाचे विषारी तुकडे रक्तात झिरपतात, शरीरभर दाह पेटतो, आणि दाह हृदयाला आणखी खचवतो. यातला पहिला अर्धा भाग चांगलाच सिद्ध झाला. अंगावर सूज असलेल्या रुग्णांच्या रक्तात हे तुकडे जास्त सापडले, आणि लघवीची औषधे देऊन सूज उतरवली की तेही उतरले, असे १९९९ साली छापून आले. २००७ साली बर्लिनमध्ये अशा रुग्णांच्या आतड्याची भिंत खरोखर जाड झालेली मोजली गेली, आणि न पचणाऱ्या शर्करा पाजून त्या लघवीत किती उतरतात हे पाहता भिंत गळकी असल्याचेही दिसले. उरलेला अर्धा भाग मात्र कसोटीला उतरला नाही. दाहाचे एक मुख्य द्रव्य अडवणारे इटानर्सेप्ट हृदयाच्या रुग्णांना देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्या २००१ साली फायदा दिसेना म्हणून थांबवाव्या लागल्या. त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेने रुग्ण अधिकच बिघडले. सूज उतरताच खूण उतरते आणि खुणेमागचा दाह दाबला तरी हृदय सुधारत नाही, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की आतडे सोसणाऱ्याच्या जागी परत जाते.

आता सध्याची सर्वांत चर्चेतली खूण, टीएमएओ. ज्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये सेरोटोनिनला नाव मिळाले तिथेच स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ साली तिला प्रकाशात आणले. अंडी, मटण यांतल्या काही घटकांपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, आणि यकृत त्याला ऑक्सिजन जोडून टीएमएओ बनवते. मासळी शिळी झाली की जो उग्र वास सुटतो तो याच ट्रायमिथाइलअमाइनचा. २०१३ साली ४००७ रुग्णांच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात रक्तात हे द्रव्य जास्त असलेल्यांना हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका बराच अधिक निघाला. पुढच्या वर्षी हृदय निकामी झालेल्या ७२० रुग्णांतही तसेच दिसले. प्रतिजैविके दिली की हे द्रव्य रक्तातून जवळजवळ नाहीसे होते, म्हणजे ते जिवाणूंचेच. उंदरांची महाधमनी बांधून अरुंद झडपेसारखा ताण निर्माण केला आणि अन्नात टीएमएओ मिसळले तर हृदय लवकर फुगते, हेही २०१६ साली दाखवले गेले. झडपेच्या रुग्णाशी सर्वांत जवळचा प्रयोग हाच, आणि मी तो हलका लेखत नाही.

पण माशांचे काय? समुद्रातल्या माशांत टीएमएओ तयारच असते. मोरीसारख्या माशांच्या अंगात युरिया फार असतो आणि त्यापासून प्रथिनांना जपण्याचे काम हेच द्रव्य करते. मासे खाल्ले की रक्तातले टीएमएओ अंडी-मटणाच्या कितीतरी पट वाढते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मासे खाणाऱ्या घरांत बांगडा, सुरमई, मोरी ताटात येते तेव्हा ही खूण रक्तात कमाल पातळीला जात असणार, आणि या खुणेमुळे मासे हृदयाला बाधतात असा ठोस पुरावा मात्र दिसत नाही. यावर असे उत्तर देतात की माशांतली चांगली चरबी नुकसान भरून काढते, आणि जेवणानंतरची तात्पुरती वाढ वेगळी, उपाशीपोटीची कायमची पातळी वेगळी. दोन्ही उत्तरे विचार करण्याजोगी आहेत. तरी मग उपाशीपोटीची पातळी कायम चढी का राहते हा प्रश्न उरतो, आणि त्याचे मोठे उत्तर मूत्रपिंडात आहे. टीएमएओ लघवीवाटे बाहेर पडते. झडप बिघडून हृदय थकले की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते, शिरांत ते तुंबते, आणि द्रव्य साठत जाते. जो जास्त आजारी, त्याच्या रक्तात ते जास्त. आकडेशास्त्राने मूत्रपिंडाचा वाटा वजा करता येतो असे म्हणतात. पण क्रिएटिनिनच्या एका आकड्याने मूत्रपिंडाचे सारे दुखणे मोजले जात नाही, म्हणून ती वजाबाकी नेहमी अपुरी राहते. २०२१ साली नॉर्वे आणि ब्राझीलमधल्या चाचणीत हृदय थकलेल्या सुमारे दीडशे रुग्णांना तीन महिने आतड्यापुरते प्रतिजैविक किंवा हितकर यीस्ट देऊन पाहिले. हृदयाच्या आकुंचनात फरक पडला नाही. तीन महिने थोडे आहेत हे खरे. पण मेचनिकॉफ यांच्या काळापासून हा युक्तिवाद अशाच ‘थोडे आहेत’वर तगून आहे.

आपल्याकडून एक आक्षेप हमखास येईल, की हे सगळे आयुर्वेदाने आधीच सांगितले आहे. अग्नी मंद झाला की न पचलेला ‘आम’ साठतो आणि रोग जन्मतो. माधवनिदानातल्या आमवाताच्या वर्णनात सांध्यांच्या सुजेबरोबर मलावरोध आणि हृदयाचे आवळणे एकाच ओळीत येतात. ते निरीक्षण सूक्ष्म आहे आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. जुन्या वैद्यांनी सांधे, पोट आणि हृदय यांना एकत्र दुखताना पाहिले होते. मात्र आम म्हणजेच टीएमएओ असे समीकरण मांडले की आपण बुशार यांच्याच रस्त्याला लागतो, आणि ‘आम’ या संकल्पनेचाही त्यात अपमान होतो, कारण ती पचनाच्या सबंध क्रियेबद्दल आहे, एका रेणूबद्दल नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: कारण असो वा नसो, धोका कोणाला जास्त हे खूण सांगते ना, मग पुरे. हे मला मान्य आहे, एका अटीवर. त्या खुणेच्या जोरावर गरीब रुग्णाच्या ताटातले अंडे किंवा बांगडा कोणी काढून घेऊ नये. हृदय थकून अंगावरचे मांस झडत चाललेल्या माणसाला ते प्रथिन फार मोलाचे असते.

आणि हा वाद मिटवायचा तर झडपेच्या रुग्णाइतकी योग्य जागा दुसरी नाही. हृदयाचा स्नायू थकलेल्या रुग्णात काही झटक्यात बदलता येत नाही; झडपेत येते. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या मायट्रल झडपेत बोट घालून ती मोकळी केली, पन्नासच्या दशकापासून मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया होत आल्या, आणि १९८४ साली जपानच्या कांजी इनोऊए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भारतात ऱ्हुमॅटिक झडपांचे रुग्ण अजून इतके आहेत, की हे काम आपल्या डॉक्टरांच्या हातात पक्के बसले आहे. फुगा फुगून उतरला की डाव्या कर्णिकेतला दाब टेबलावरच खाली येतो. रुग्णाचे जिवाणू तेच, घरचे जेवण तेच, मूत्रपिंड तेच; बदलली फक्त झडप. फुग्याआधी, आठवड्याने आणि सहा महिन्यांनी त्याच शिरेतून थोडे रक्त घेऊन टीएमएओ आणि जिवाणूंचे तुकडे मोजले, तर झडप उघडताच ते उतरतात की तसेच राहतात हे दिसेल. उतरले तर ती तुंबलेल्या रक्ताची खूण होती. तसेच राहिले, आणि ज्यांच्यात चढे राहिले त्यांचीच झडप पुन्हा लवकर अरुंद झाली, तर मात्र १९५४च्या स्वीडिश डॉक्टरांसारखे बसून त्या द्रव्याची वाट शोधावी लागेल.